वाजणाऱ्या छातीचं भाकीत

पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस सरले की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एका ठरावीक वयाच्या मुलांची गर्दी वाढते. दीड-दोन वर्षांची मुलं. आधी नाक गळतं, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री छाती वाजायला लागते, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, मग नेब्युलायझरची वाफ. आठवड्याभरात मूल पुन्हा हुंदडायला लागतं आणि दीड महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला घरचे दोन प्रश्न विचारतात : हा दमा आहे का, आणि मोठेपणी जाईल का? दोन्ही प्रश्न एकाच श्वासात विचारले जात असले तरी ते वेगळे आहेत. पहिला आजच्या मुलाबद्दल आहे, दुसरा सहा-सात वर्षांनंतरच्या. गेल्या चार दशकांतलं बरंचसं संशोधन दुसऱ्याच्या मागे लागलं. त्यातून हाती काय आलं आणि ते आपल्याकडच्या मुलांना कितपत लागू पडतं, ते पाहण्यासारखं आहे.

अडचण मुळात वयाची आहे. मोठ्या माणसाला नळीत जोरात फुंकर मारायला सांगून श्वासनलिका किती आवळल्या आहेत ते मोजता येतं. दोन वर्षांच्या मुलाकडून ही स्पायरोमेट्री करून घेणं शक्य नाही. त्यातून या वयात श्वासनलिका इतक्या अरुंद असतात, की साध्या विषाणूने आलेली सूज आणि थोडा कफसुद्धा हवेची वाट अडवायला पुरतो. म्हणून छाती वाजणं ही या वयात फार सामान्य गोष्ट आहे. पाश्चात्त्य देशांत तीन वर्षांची होईपर्यंत साधारण तीनातल्या एका मुलाची छाती एकदा तरी वाजलेली असते. लॅटिन अमेरिका आणि युरोपातल्या तीस हजारांवर बाळांच्या पाहणीत, पहिल्या वाढदिवसाआधीच ४५ टक्के बाळांना हा त्रास एकदा तरी झाला होता, आणि २० टक्क्यांना तीन किंवा अधिक वेळा. एवढ्या सगळ्यांना पुढे दमा होत नाही. मग कोणाला होतो?

या प्रश्नाला हात घालणारा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टुसान शहरात १९८० साली सुरू झाला. टुसान वाळवंटातलं. क्षय आणि दम्याच्या रोग्यांना एकेकाळी कोरड्या हवेसाठी जिथे पाठवत, त्या गावांपैकी एक. लिन टॉसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते १९८४ या काळात जन्मलेली १,२४६ बाळं जन्मापासूनच नोंदवून घेतली आणि त्यांचा माग सोडला नाही. आजारी पडलेली मुलं गोळा करून मागे वळून पाहणं आणि निरोगी बाळांबरोबर पुढे चालत जाणं, यांत मोठा फरक आहे. पहिल्या पद्धतीत जी मुलं बरी झाली ती नजरेतूनच सुटतात.

फर्नांडो मार्टिनेझ यांनी १९९५ मध्ये या मुलांपैकी ८२६ जणांची सहा वर्षांपर्यंतची कहाणी छापली आणि बालदम्याबद्दलचा विचारच बदलला. निम्म्या मुलांची छाती कधीच वाजली नव्हती. जवळजवळ २० टक्के मुलांची पहिल्या तीन वर्षांत वाजली आणि सहाव्या वर्षी पूर्ण थांबलेली होती. १५ टक्के मुलांना त्रास तीन वर्षांनंतर सुरू झाला. आणि सुमारे १४ टक्के मुलांची छाती आधीही वाजत होती आणि सहाव्या वर्षीही. म्हणजे तीन वर्षांच्या आत छाती वाजलेल्या दर दहा मुलांपैकी सहा जणांची सहाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबली. या 'थांबणाऱ्यां'च्या फुप्फुसांची ताकद त्यांची छाती पहिल्यांदा वाजण्याच्या आधीपासूनच, म्हणजे बाळपणीच, थोडी कमी होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या आया धूम्रपान करणाऱ्या होत्या. 'टिकणाऱ्यां'च्या आयांना दमा असण्याचं प्रमाण जास्त होतं आणि नवव्या महिन्यातच बाळांच्या रक्तात ॲलर्जीशी निगडित आयजीई हे प्रतिद्रव्य वाढलेलं होतं. बाहेरून एकसारखीच वाजणारी छाती, पण आत निदान दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या.

'मोठेपणी जातं' हे आजीचं म्हणणं यातून बऱ्याच अंशी खरं ठरलं. आजीचं एवढं खरं ठरतं म्हणूनच दम्याच्या बाजारात इतक्या गोष्टी खपतात. हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर बत्तिनी कुटुंब जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळी गोळी भरून तो मासा रुग्णाला गिळायला देतं; त्यासाठी मराठवाड्या-सोलापुराकडूनही लोक मुलं घेऊन जातात. सलग काही वर्षं यायला सांगितलं जातं. दोन वर्षांचं मूल तिसऱ्या-चौथ्या फेरीला चार-पाच वर्षांचं होतं, आणि तोवर बऱ्याच मुलांची छाती काहीही न करता वाजायची थांबलेली असते. श्रेय माशाला जातं. माशाचंच कशाला, त्या वर्षांत जे कोणतं सिरप, काढा किंवा गोळ्या चालू असतील, त्यांनाही ते जातं, आणि त्यात पदवीधर डॉक्टरांची औषधंही आली.

टुसानच्याच माहितीवरून २००० साली होसे कास्त्रो-रॉड्रिगेझ, मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी एक निकष तयार केला. 'अस्थमा प्रेडिक्टिव्ह इंडेक्स' या नावाने तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. पहिल्या तीन वर्षांत छाती वारंवार वाजत असेल, आणि त्याबरोबर आईवडिलांपैकी एकाला दमा असेल किंवा मुलाला डॉक्टरांनी निदान केलेला इसब असेल, तर निकष लागू. हे दोन्ही नसेल तर तीन दुय्यम गोष्टींपैकी दोन हव्यात : सर्दी नसतानाही छाती वाजणं, ॲलर्जीची सर्दी, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत इओसिनोफिलचं प्रमाण ४ टक्के किंवा अधिक. कोणत्याही साध्या दवाखान्यात वापरता येईल असा सुटसुटीत निकष आहे हा, आणि त्याची लोकप्रियता बरीचशी या सुटसुटीतपणामुळेच आहे.

त्याचे आकडे मात्र नीट वाचायला हवेत. तज्ज्ञांच्या भाषणांत हमखास येणारं वाक्य असं : निकष लागू नसेल तर सहाव्या वर्षी दमा नसण्याची शक्यता ९१.६ टक्के. ऐकायला फार दिलासादायक. पण मूळ अभ्यासात हा निकष त्या वयाच्या सगळ्या मुलांना लावला होता, फक्त छाती वाजणाऱ्यांना नव्हे, आणि त्या मुलांत सहाव्या वर्षी दम्याचं प्रमाण साधारण ११ टक्के निघतं. म्हणजे कोणताही निकष न लावता, मुलाकडे न पाहतासुद्धा 'याला दमा होणार नाही' असं म्हटलं असतं तरी ८९ टक्के वेळा ते बरोबर ठरलं असतं. निकषाने ८९चे ९२ केले, एवढंच.

छापलेल्या टक्केवारीवरून हजार मुलांचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. त्यांतल्या सुमारे १०९ मुलांना सहाव्या वर्षी दमा असेल. हा निकष सुमारे ६३ मुलांना लागू होईल. त्यांतल्या ३० जणांना पुढे दमा निघेल आणि ३३ जणांना निघणार नाही. आणि ज्या १०९ जणांना दमा होणार होता, त्यांतले ७९ या निकषाच्या जाळ्यातून निसटतील. निकष लागू झालेल्या मुलाला धोका नक्कीच जास्त असतो, कित्येक पटींनी जास्त. पण समोर बसलेल्या एका मुलाबद्दल सांगायचं तर हे नाणेफेकीच्या जवळ जातं. समूहाबद्दल खरी असलेली गोष्ट एका मुलाबद्दल सांगताना किती पातळ होते, त्याचं इतकं चांगलं उदाहरण बालवैद्यकात क्वचित मिळेल.

त्यानंतर निकषांची रांगच लागली. टुसानच्या निकषात फेरफार करून ॲलर्जीच्या त्वचाचाचण्या घातलेला सुधारित निकष आला. इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइटवरून एक आला, नेदरलँड्समधून २००९ मध्ये पियामा अभ्यासाचा आला, लेस्टरशायरमधून २०१४ मध्ये रक्ताचा थेंबही न घेता फक्त प्रश्न विचारून गुण देणारा आला, अमेरिकेतल्या सिनसिनाटीहून २०१९ मध्ये पार्स नावाचा आला. आता संगणकाला हजारो नोंदी भरवून तयार केलेली मशीन लर्निंगची प्रारूपंही आहेत. प्रत्येक नवा निकष आधीच्यापेक्षा थोडा बरा असल्याचं सांगतो, आणि दुसऱ्या देशातल्या मुलांवर लावला की त्यातलं थोडं ओसरतं. यांतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक न गाजलेला निष्कर्ष. लेस्टरच्या मुलांवर टुसानचा निकष तपासून पाहणाऱ्या गटाला २०११ मध्ये आढळलं, की इसब, आईवडिलांचा दमा, रक्त हे सगळं बाजूला ठेवून केवळ 'छाती किती वेळा वाजली' एवढंच मोजलं, तरी भाकीत जवळजवळ तितकंच जमतं. ज्याला आज जास्त त्रास आहे त्यालाच पुढे त्रास राहण्याची शक्यता जास्त. इतक्या खटाटोपानंतर हाती आलेली ही गोष्ट कोणत्याही अनुभवी डॉक्टरला आधीच ठाऊक होती.

मुलांचे प्रकार पाडून पाहण्याचाही प्रयत्न झाला. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये दोन कप्पे केले : फक्त सर्दीबरोबरच वाजणारी छाती, आणि सर्दीशिवाय धूळ, धूर, धावपळ, हसणं-रडणं अशा अनेक कारणांनी वाजणारी. कप्पे व्यवहाराला सोयीचे होते. पण वर्षभराने पाहावं तर बरीच मुलं एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलेली असायची. त्याच गटाने २०१४ मध्ये ही भिंत पक्की नसल्याचं मान्य केलं.

विषाणूंच्या बाजूने आलेली माहिती जास्त रंजक आहे. बाळांच्या छातीच्या आजारात बदनाम विषाणू म्हणजे आरएसव्ही. ब्राँकिओलायटिसने, म्हणजे बारीक श्वासनलिकांच्या सुजेने, दवाखान्यात भरती होणाऱ्या बाळांत तो सर्रास सापडतो. पण विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात, आईवडिलांना ॲलर्जी किंवा दमा असलेल्या बाळांवरच्या अभ्यासात २००८ मध्ये वेगळंच दिसलं. साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसने ज्यांची छाती पहिल्या तीन वर्षांत वाजली, त्यांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता जवळजवळ दहापट होती. आरएसव्हीमुळे वाजलेल्यांत ती अडीचपटीच्या आसपास. तिसऱ्या वर्षी ऱ्हायनोव्हायरसने छाती वाजलेल्या मुलांपैकी तर सुमारे ९० टक्के सहाव्या वर्षी दमेकरी होती. पुढे २०१३ मध्ये दिसलं, की सतराव्या गुणसूत्रावरच्या ज्या भागाचा बालदम्याशी संबंध आहे, त्याचा परिणाम याच मुलांत, ऱ्हायनोव्हायरसने छाती वाजलेल्यांत, उठून दिसतो. विषाणू दमा घडवतो की दम्याकडे झुकलेली श्वासनलिका विषाणूला जास्त बिचकते, हा वाद अजून मिटलेला नाही. आरएसव्हीपुरतं नेदरलँड्समध्ये थेट तपासून पाहिलं गेलं. थोड्या लवकर जन्मलेल्या बाळांना आरएसव्हीविरोधी प्रतिद्रव्याची इंजेक्शनं दिली, तेव्हा पहिल्या वर्षातले छाती वाजण्याचे दिवस ६१ टक्क्यांनी घटले. सहाव्या वर्षी फुप्फुसांच्या ताकदीत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता.

भाकीत कशासाठी करायचं, हा प्रश्न २००६ साली धारदार झाला. ज्यांना धोका आहे ती मुलं आधी ओळखायची, लवकर औषध सुरू करायचं आणि दमा मुळातच रोखायचा, ही आशा त्या सगळ्या धडपडीमागे होती. अमेरिकेतल्या पीक या चाचणीने ती सरळ तपासली. सुधारित निकष लागू झालेली २८५ मुलं, वय दोन ते तीन. निम्म्यांना रोज दोनदा फ्लुटिकासोन हे श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड, निम्म्यांना नुसता फवारा. दोन वर्षं औषध, मग ते बंद करून एक वर्ष निरीक्षण. औषध चालू होतं तोवर त्या मुलांचे दिवस बरे गेले, झटके कमी आले. बंद केल्यावर वर्षभरात दोन्ही गट एका पातळीवर. त्याच वर्षी मँचेस्टर आणि कोपनहेगन इथल्या चाचण्यांनीही वेगळ्या वयाच्या मुलांत वेगळ्या पद्धतीने औषध देऊन हेच सांगितलं : श्वासातलं स्टिरॉइड त्रास आवरतं, आजाराची वाट बदलत नाही. पीकमध्ये औषध घेतलेल्या मुलांची उंची दोन वर्षांच्या शेवटी सरासरी १.१ सेंटीमीटरने मागे होती, आणि औषध थांबवल्यानंतरच्या वर्षात त्यातली थोडी भरून निघाली.

या निकालांचा अर्थ सरळ घ्यायला हवा. भाकीत अचूक असतं तरी त्याच्या जोरावर 'हे औषध दिलं की दमा होणार नाही' असं म्हणता येत नाही. नुसत्या 'धोका आहे' या शिक्क्यावर बऱ्या असलेल्या मुलाला रोज पंप देण्याला आधार नाही. उलट बाजूही तितकीच खरी. निकष लागू नाही म्हणून आज रात्री-अपरात्री धाप लागणाऱ्या मुलाचं औषध अडवून धरणं हीही चूकच, कारण औषध आजच्या त्रासासाठी आहे.

आता हा निकष आपल्या गावी आणून पाहू. पहिली अट आईवडिलांचा दमा. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या नऊ केंद्रांमधल्या पाहणीत लहान मुलं, किशोर आणि त्यांचे पालक अशा तिन्ही गटांकडे पाहिलं गेलं. २०२२ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार ज्यांची छाती सध्या वाजत होती, त्यांतल्या ८२ टक्के लोकांना दमा असल्याचं निदानच झालेलं नव्हतं, आणि रोज श्वासातून स्टिरॉइड घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते. ज्या पालकाला स्वतःचा दमा ठाऊक नाही, तो दवाखान्यात 'घरात कुणाला नाही' असं प्रामाणिकपणे सांगतो. ज्याला ठाऊक आहे, तो सासरच्यांसमोर सांगेलच असं नाही. सोयरिकीच्या वेळी लपवलेली गोष्ट मुलाच्या केसपेपरवर कशी येणार? 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' हा शब्द आपल्याकडे याच सोयीसाठी टिकून आहे, आणि तो टिकवण्यात डॉक्टरांचाही वाटा आहे. दुसरी अट इसबाची. सावळ्या त्वचेवर इसब लालबुंद दिसत नाही. करडट, खरखरीत चट्टे पडतात आणि ते कोरडेपणा किंवा नायटा म्हणून सोडून दिले जातात. तिसरी गोष्ट इओसिनोफिल. जिथे मुलांच्या पोटात जंत असणं नवलाचं नाही, तिथे ४ टक्क्यांचा आकडा ॲलर्जीबद्दल फारसं सांगत नाही. टुसानच्या वाळवंटात ही अडचण नव्हती.

सगळे निकष ज्या पायावर उभे आहेत, तो पाया म्हणजे पालकांचं वर्णन. घशात कफ खरखरतो तेव्हाही 'छाती वाजते' असंच म्हटलं जातं, आणि नाक चोंदलेलं असतं तेव्हाही. इंग्रजी बोलणाऱ्या पालकांचाही हा गोंधळ होतो, हे तिकडच्या पाहण्यांनी दाखवलेलं आहे. हल्ली त्यावर सोपा उपाय निघाला आहे : रात्री त्रास होत असताना मुलाचा शर्ट वर करून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण. ते पाहून तज्ज्ञाला जे कळतं ते दहा प्रश्नांतून कळत नाही. आणि दम्याचा विचार करण्याआधी इतर शक्यता बाजूला काढाव्याच लागतात. खेळता खेळता ठसका लागून अचानक एकाच बाजूची छाती वाजायला लागली, तर श्वासनलिकेत शेंगदाणा किंवा हरभऱ्याचा दाणा अडकलेला असू शकतो. वजन वाढत नसेल, ताप रेंगाळत असेल, घरात कुणाला क्षय असेल, तर श्वासनलिकेवर दाबणाऱ्या क्षयाच्या गाठी शोधाव्या लागतात. आपल्याकडच्या आणि टुसानच्या मुलातला हा फरक कोणत्याही गुणपत्रिकेत धरलेला नाही.

घरातली हवाही या निकषांत नाही. तिकडच्या अभ्यासांत आईचं धूम्रपान हा मोठा मुद्दा आहे. आपल्याकडे बाळाभोवतीचा धूर बहुतेक वेळा चुलीचा, उदबत्ती-धुपाचा आणि डासांच्या कॉइलचा असतो. एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म कण सोडते तितके सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतात, असं २००३ मधल्या एका मोजणीत दिसलं होतं. पलंगाखाली कॉइल लावून बाळाला झोपवणाऱ्या घरात 'कोणी सिगारेट ओढतं का?' या प्रश्नाला नाही म्हणून खूण होते.

गेल्या दहा-बारा वर्षांत विचाराची दिशा हळूहळू पहिल्या प्रश्नाकडे, आजच्या मुलाकडे, वळली आहे आणि ते बरं झालं. २०१६ मध्ये आलेल्या इन्फंट चाचणीत एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांना तीन वेगवेगळे उपचार आळीपाळीने दिले : रोज श्वासातलं स्टिरॉइड, त्रासापुरतं श्वासातलं स्टिरॉइड, आणि रोज माँटेलुकास्टची गोळी. तीन चतुर्थांश मुलांत उपचाराउपचारांत स्पष्ट फरक दिसला, आणि रोजच्या स्टिरॉइडचा फायदा सर्वांत ठळक होता तो हवेतल्या ॲलर्जनची ॲलर्जी असलेल्या किंवा रक्तात दर मायक्रोलिटरला ३०० किंवा अधिक इओसिनोफिल असलेल्या मुलांत. हेच इओसिनोफिल सहाव्या वर्षाचं भाकीत करायला कच्चे पडतात, पण 'याला आज कोणतं औषध लागू पडेल' याचा चांगला अंदाज देतात. जंतांची अडचण इथेही आहे, पण जंताचं औषध देऊन पुन्हा रक्त पाहणं अवघड नाही. उलट सर्दीबरोबर छाती वाजून दवाखान्यात आलेल्या ६८७ मुलांना तोंडाने प्रेडनिसोलोन देऊन इंग्लंडमध्ये २००९ मध्ये पाहिलं, तेव्हा भरती राहण्याचे तास कमी झाले नाहीत. सर्दी छातीत उतरली की स्टिरॉइडचं सिरप लिहून देण्याची सवय आपल्याकडे अजून जोरात आहे.

दम्याच्या उपचारांची जागतिक दिशा ठरवणाऱ्या जीना या संस्थेने २०२५च्या मार्गदर्शिकेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी निदानाची वाट सोपी केली. त्रास वारंवार होतो किंवा दोन आजारपणांच्या मधेही लक्षणं राहतात, दुसरं कारण दिसत नाही, आणि दम्याच्या औषधाला मूल वेळेत प्रतिसाद देतं, एवढं जमलं तर त्याला दमा म्हणा. 'मोठं झाल्यावर बघू' म्हणून थांबू नका. या बदलावर टीका होईल, कारण यातल्या बऱ्याच मुलांची छाती पुढे वाजायची थांबेल. पण आज असलेल्या आजाराला नाव देण्यासाठी तो जन्मभर राहील याची हमी कशाला हवी? शिवाय 'गेला' म्हणजे पूर्ण गेला असंही नाही. टुसानच्या 'थांबणाऱ्या' मुलांच्या फुप्फुसांची ताकद सोळाव्या वर्षीही किंचित कमीच होती. आणि मेलबर्नमध्ये १९६४ पासून सात वर्षांच्या मुलांचा माग काढणाऱ्या अभ्यासात, लहानपणी तीव्र दमा असलेल्यांना पन्नाशीत सीओपीडी हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे ३२ पट निघाला.

व्यवहारात राहते ती औषधाची चाचणी : मास्क लावलेल्या स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, कमी मात्रेचं स्टिरॉइड दोन-तीन महिने, मग आढावा, आणि बरं असेल तर थांबवून पाहणं. स्पेसर महत्त्वाचा, कारण नुसता पंप तोंडाशी दाबला तर औषध बहुतेक जिभेवर आणि घशातच बसतं. 'पंपाची सवय लागते' म्हणून तो टाळून सिरप मागणाऱ्यांना सांगावं लागतं, की सिरपची मात्रा कितीतरी पट जास्त असते आणि ती सगळ्या शरीरात फिरते. या चाचणीत फसण्याची एक जागा आहे, ती ऋतूची. ऑक्टोबर ते जानेवारीत औषध सुरू केलं आणि मार्चमध्ये मूल ठणठणीत झालं, तर ते औषधाने की सर्दीचा हंगाम संपला म्हणून, हे सांगता येत नाही. एप्रिल-मेमध्ये बरीच मुलं काहीही न घेता बरी असतात. म्हणून उन्हाळ्यात औषध थांबवलं असेल तर तेव्हाच 'दमा नव्हताच' असा निवाडा करू नये. शाळा-बालवाडी सुरू होऊन पावसाळ्यातल्या पहिल्या एक-दोन सर्द्या होऊन जाईपर्यंत थांबावं, छाती वाजली तर त्या रात्रीचं चित्रीकरण करून ठेवावं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुलाला पुन्हा तपासावं.